विश्लेषण : कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’, तरी ल्युपसच्या रुग्णांचं हृदय धोक्यात का?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण ३९ फूट या आकड्याचा अर्थ सगळ्यांसाठी सारखा नसतो. राजारामपुरीतला माणूस त्या दिवशी चहा पीत मोबाइलवर पुराचे फोटो बघत असतो. सुतारवाड्यात तोवर भांडीकुंडी आणि पोरांची दप्तरं बांधायला सुरुवात झालेली असते. प्रयाग चिखली, आंबेवाडीत जनावरं हलवायची घाई असते. आकडा एकच असतो. आपलं घर किती उंचावर आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

रक्त तपासणीच्या रिपोर्टवर कोलेस्टेरॉलसमोर जी ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते, तिचंही असंच आहे. ती सर्वसाधारण माणसासाठी छापलेली असते. ल्युपस झालेल्या बाईचं घर मात्र नदीकाठच्या सखल भागात आहे आणि हे लॅबच्या संगणकाला माहीत नसतं. बऱ्याचदा ते घरच्यांनाही माहीत नसतं. कधीकधी उपचार करणाऱ्यांच्याही ते लक्षात राहत नाही.

समजा, इचलकरंजीतल्या एका ३४ वर्षांच्या शिक्षिकेला सहा वर्षांपासून ल्युपस आहे. सांधे आता फारसे दुखत नाहीत, चेहऱ्यावरचा चट्टा गेलाय, शाळा सुरू आहे. लॅबचं सवलतीचं पॅकेज घेतलं आणि संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड २४०, एलडीएल ११०. एकूण कोलेस्टेरॉल २००च्या आत आहे म्हटल्यावर नवरा म्हणतो, “नॉर्मल हाय की!” आणि फोन खिशात जातो.

हा रिपोर्ट नॉर्मल नाही. का नाही, ते समजून घेण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

ल्युपस म्हणजे नेमकं काय?

शरीराची प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढण्याऐवजी स्वतःच्याच पेशींवर उलटते, तेव्हा जे आजार होतात त्यांपैकी ल्युपस हा एक. तो त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त, मेंदू, फुप्फुसं, हृदयाचं आवरण यांपैकी कशावरही हल्ला करू शकतो. दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ महिला असतात आणि त्यातही बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात गाठतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण या सगळ्याच्या ऐन मध्यावर.

भारतात तो तुलनेने विरळ मानला जातो. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले होते. पण ती तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा निदानाच्या सोयी आजच्या इतक्या नव्हत्या. आजही अनेक जणींचं निदान व्हायला वेळ लागतो. आधी ‘अशक्तपणा’, मग ‘सांधेवात’, मग ‘उन्हाची ॲलर्जी’ असे मुक्काम होतात.

निदान झाल्यावर सगळ्यांचं लक्ष मूत्रपिंडाकडे जातं आणि ते योग्यच आहे. हृदय मात्र मागे राहतं.

धोका किती मोठा आहे?

हा प्रश्न पहिल्यांदा नीट पुढे आला तो १९७६ मध्ये. कॅनडातल्या टोरांटोमध्ये डॉ. मरे युरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की ल्युपसच्या रुग्णांचे मृत्यू दोन टप्प्यांत होतात. पहिल्या टप्प्यात, म्हणजे निदानानंतर लवकर, आजाराचा भडका आणि जंतुसंसर्ग माणसं नेतात. दुसऱ्या टप्प्यात, अनेक वर्षांनी ल्युपस शांत झालेला असताना, हृदयविकाराचा झटका येतो. आजार आटोक्यात आला म्हणून सगळे निर्धास्त झाल्यावर ही वेळ येते.

त्यानंतर १९९७ मध्ये पिट्सबर्गचा अभ्यास आला. तिथे ल्युपसच्या ४९८ महिलांची तुलना फ्रेमिंगहॅम या प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासातल्या महिलांशी केली गेली. ३५ ते ४४ या वयोगटात ल्युपसच्या महिलांना हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता ५० पटींहून जास्त दिसली.

हा ‘५० पट’ आकडा समाजमाध्यमांवर फार फिरतो आणि तो वाचून झोप उडते. म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या वयातल्या निरोगी बाईला झटका येण्याची शक्यता इतकी कमी असते, की तिला ५०ने गुणलं तरी बहुतेक जणींना झटका येत नाही. त्या ४९८ महिलांपैकी निदानानंतर ३३ जणींना झटका किंवा हृदयाशी संबंधित छातीदुखी झाली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत सर्व वयोगट एकत्र धरून हा धोका बराच कमी, साधारण दोन-तीन पट दिसतो. पण त्या ३३ जणींपैकी दोन तृतीयांश ५५ वर्षांच्या आतल्या होत्या, ही बाब हलक्यात घेता येत नाही. घाबरून काही साधत नाही. मात्र ‘या वयात कुठला हार्टचा त्रास’ हे वाक्य ल्युपस असलेल्या घरातून कायमचं हद्दपार व्हायला हवं.

लक्षणं दिसण्याच्या आधीच रक्तवाहिन्यांत बदल सुरू होतात, हेही सिद्ध झालंय. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात ल्युपसच्या १९७ रुग्णांच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली होती. ३७ टक्के रुग्णांत चरबीचे थर सापडले. ल्युपस नसलेल्या तेवढ्याच लोकांत हे प्रमाण १५ टक्के होतं.

भारतीयांची गोष्ट आणखी वेगळी. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो आणि इतर देशांत ५९च्या आसपास, असं ‘इंटरहार्ट’ या जागतिक अभ्यासाच्या २००७च्या विश्लेषणात दिसलं होतं. म्हणजे आपल्याकडे जमीन मुळातच सखल. त्यात ल्युपस.

एलडीएल फार नाही, मग रक्तवाहिनी का बिघडते?

कोलेस्टेरॉल समजावताना हमखास नळाच्या पाइपचं उदाहरण दिलं जातं. पाइपमध्ये क्षार साचतात, तशी रक्तवाहिनीत चरबी साचते. उदाहरण सोपं आहे, पण चुकीचं आहे आणि ल्युपसच्या बाबतीत तर दिशाभूल करणारं आहे. पाइप निर्जीव असतो. रक्तवाहिनीला आतून जिवंत पेशींचं पातळ अस्तर असतं. ते अस्तर धडधाकट असेल तर बरीच चरबी वाहून जाते. अस्तर दुखावलं की एलडीएलचे कण त्याच्या आत शिरतात आणि तिथे त्यांचं रूप बदलतं. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी धावतात आणि चरबी खाऊन तिथेच फुगून बसतात. थर तयार होतो तो असा. म्हणजे या कामाला चरबी लागते, तशी जळजळही लागते. वैद्यकीय भाषेत तिला दाह म्हणतात.

ल्युपसमध्ये हा दाह वर्षानुवर्षं धुमसत असतो. प्रतिकारशक्तीची रसायनं अस्तराला इजा करतात आणि त्याची डागडुजी करणाऱ्या पेशींनाही रोखतात. त्यामुळे जो एलडीएल शेजारणीला पचतो, तोच ल्युपसच्या रुग्णाला जड जातो.

आणखी एक गोष्ट आहे, जी रिपोर्टवर दिसतच नाही. एचडीएलला आपण ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतो. रक्तवाहिनीतली जादा चरबी उचलून यकृताकडे नेणं आणि एलडीएलला बिघडण्यापासून वाचवणं, ही त्याची कामं. ल्युपसमध्ये एचडीएल कमी तर होतंच, पण जे उरतं तेही अनेकदा आपलं काम सोडून देतं. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या एका अभ्यासात ल्युपसच्या जवळपास ४५ टक्के महिलांचं एचडीएल दाह थांबवण्याऐवजी वाढवणारं निघालं. निरोगी महिलांत हे प्रमाण चार टक्के होतं. राखणदारच चोरांना सामील झाल्यावर राखणदार किती आहेत, हे मोजून काय कळणार? लॅबचा रिपोर्ट मात्र तेवढंच मोजतो.

मग रिपोर्ट वाचायचा कसा?

ल्युपस सक्रिय असताना रक्तातल्या चरबीचा एक ठरावीक साचा दिसतो : एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, एलडीएल जेमतेम किंवा चक्क चांगलं. इचलकरंजीच्या त्या शिक्षिकेचा रिपोर्ट नेमका असाच होता.

अडचण अशी, की कमी एचडीएल हे महाराष्ट्रात सर्रास दिसतं. महाराष्ट्रासह चार ठिकाणी झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीत ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं. त्यामुळे असा रिपोर्ट आला की ‘आपल्याकडे सगळ्यांचंच असं असतं’ म्हणून तो बाजूला पडतो आणि ल्युपसची खूण गर्दीत हरवते.

रिपोर्टवर छापलेलं एलडीएलही पुष्कळदा थेट मोजलेलं नसतं, ते सूत्राने काढलेलं असतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. वरच्या उदाहरणात १९० वजा ३२ वजा ४८, म्हणजे ११०. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे सूत्रच कोलमडतं. ते जसजसं वाढतं, तसतसं सूत्रातून येणारं एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसण्याचा धोका असतो.

त्यापेक्षा सोपी वजाबाकी करावी. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. १९० वजा ३२, म्हणजे १५८. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीत शिरू शकणारी जवळपास सगळी चरबी यात येते. साधारणपणे ते १३०च्या खाली असावं. ‘नॉर्मल’ म्हणून खिशात गेलेल्या रिपोर्टमध्ये हा आकडा १५८ होता. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच सेकंदांत निघतो, पण त्यासाठी रिपोर्ट ठळक अक्षरांपलीकडे वाचावा लागतो.

कोलेस्टेरॉल अचानक ३००च्या पुढे गेलं तर?

कोल्हापुरात कोलेस्टेरॉल वाढलं म्हटलं की पहिला आरोपी ठरलेला असतो. मटण बंद, तांबडा-पांढरा बंद, मिसळीचा कट बंद. संशय अगदीच निराधार नाही. पण ल्युपसच्या रुग्णात खरा गुन्हेगार बऱ्याचदा ताटात नसून लघवीत असतो.

ल्युपसने मूत्रपिंडाच्या चाळणीवर हल्ला केला की रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे गळायला लागतं. ही गळती भरून काढण्यासाठी यकृत जोमाने प्रोटीन बनवायला घेतं आणि त्याबरोबर चरबी वाहणारे कणही ढिगाने तयार करतं. परिणामी हडकुळ्या, शाकाहारी, पंचविशीतल्या मुलीचंही कोलेस्टेरॉल ३००च्या पुढे जाऊ शकतं. तिला ‘तूप बंद कर’ म्हणून घरी पाठवणं म्हणजे छतातून पाणी गळतंय आणि फरशी पुसत बसायचं. तिची लघवी आणि क्रिएटिनिन तपासायला हवं. पायावर सूज, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, लघवीला टिकून राहणारा फेस ही चिन्हं असतील तर त्याच आठवड्यात. मूत्रपिंडाचा उपचार लागू पडला की कोलेस्टेरॉलही बरंच खाली येतं.

स्टेरॉइड आणि ती ‘मलेरियाची गोळी’

ल्युपसचा भडका उडालेला असताना स्टेरॉइड जीव वाचवतं, यात वाद नाही. पण ते जास्त मात्रेत आणि जास्त काळ चालू राहिलं तर वजन, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल चारही वर नेतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या ल्युपस रुग्णांवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टेरॉइड रोज १० मिलिग्रॅमने वाढलं तर कोलेस्टेरॉल साधारण साडेसात अंकांनी वाढतं, असं दिसलं. त्याच अभ्यासात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल साधारण नऊ अंकांनी कमी होतं. एका गोळीने चढवलेलं दुसरीने उतरवलं, असा जवळजवळ बरोबरीचा हिशेब.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे ‘युलार’ने, २०२३च्या शिफारशींत स्पष्ट म्हटलंय की कायम चालू ठेवायचं स्टेरॉइड रोज पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावं आणि जमल्यास बंद करावं. मात्र हे वाचून कुणीही गोळी स्वतःहून बंद करू नये. बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. अशा वेळी औषध एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं. मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवायची असते. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एवढाच : “माझं स्टेरॉइड कमी करायचा बेत काय आहे?” जुनीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं दुकानातून तीच मात्रा आणणाऱ्या अनेक जणी आहेत. त्यांनी हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं दुखणं उलटं आहे. जी गोळी चालू राहायला हवी, तीच बंद केली जाते. ती मुळात मलेरियाची, हे कळलं की ‘मला कुठे मलेरिया झालाय’ म्हणून काही जणी थांबवतात. काही जणी डोळ्यांवर परिणाम होतो, असं ऐकून थांबवतात. दिवस गेले की सासरची मंडळी ‘गरम औषध नको’ म्हणून थांबवायला लावतात. वास्तविक ही गोळी भडका उडण्याचं प्रमाण कमी करते, गुठळ्यांचा धोका कमी करते, चरबीचा हिशेब सुधारते आणि गर्भारपणातही चालू ठेवावी, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. डोळ्यांची भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. मात्रा वजनाप्रमाणे, किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायची. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करायची. मूत्रपिंड कमजोर असेल तर आधीपासूनच.

हीच गोळी मार्च २०२० मध्ये करोनावरचा उपाय म्हणून गाजली आणि औषध दुकानांतून दिसेनाशी झाली होती. ज्यांना तिची खरी गरज होती, त्यांना एकेका पट्टीसाठी वणवण करावी लागली. त्या गोळीचा करोनावर उपयोग नसल्याचं पुढे मोठ्या चाचण्यांत निघालं, आणि ल्युपससाठी ती किती मोलाची आहे, हे सांगायची संधी मात्र हातची गेली.

मग सगळ्यांनाच स्टॅटिन का देत नाहीत?

धोका एवढा असेल तर कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सरसकट सुरू करावी, असं कुणालाही वाटेल. संशोधकांनाही वाटलं होतं. अमेरिकेत ल्युपसच्या २०० रुग्णांवर दोन वर्षं ॲटोर्वास्टॅटिनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. ल्युपस झालेल्या २२१ मुलांवर तीन वर्षांची चाचणी झाली, तिचे २०१२ मध्ये. दोन्हींत रक्तवाहिन्यांच्या मोजमापात खोट्या गोळीच्या तुलनेत ठोस फरक दिसला नाही.

यावरून ‘स्टॅटिनचा उपयोगच नाही’ असं म्हणणंही चूक. दोन-तीन वर्षं हा काळ कमी आहे आणि या चाचण्या झटके मोजण्यासाठी आखलेल्या नव्हत्या. ज्यांचं एलडीएल खरोखर जास्त आहे, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचं मूत्रपिंड बिघडलंय किंवा ज्यांच्या रक्तवाहिनीत थर सापडलाय, त्यांना स्टॅटिन लागतंच. पण गोळी सुरू झाली म्हणजे धोका मिटला, असं नाही. दाह आटोक्यात ठेवणं, स्टेरॉइड कमीत कमी ठेवणं आणि रक्तदाब १३०/८०च्या खाली ठेवणं (हा आकडा युलारच्या २०२२च्या शिफारशींतला) यातून बरंच काही हाती लागतं. मूल हवं असलेल्या बाईने स्टॅटिन चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं. गर्भारपणात ते सहसा थांबवलं जातं.

वेदनाशामक गोळ्यांबद्दलही इथेच सांगायला हवं. सांधे दुखले की दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडाला त्रास देते. आठ-दहा दिवस सलग लागत असेल तर दुखणं ल्युपसचं असू शकतं आणि ते डॉक्टरांना कळायला हवं.

“तंबाखू खाता का?” “छे!”

दवाखान्यात हा संवाद रोज होतो आणि तो बऱ्याचदा अर्धवट असतो. ग्रामीण कोल्हापुरात आजही कित्येक बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण लावणारीच्या लेखी ती दात घासायची वस्तू. त्यामुळे ‘तंबाखू?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ येतं आणि केसपेपरवर तसंच लिहिलं जातं. निकोटिनला मात्र ती चुलीवर भाजली की पुडीतून खाल्ली, याने फरक पडत नाही. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब ते वाढवतंच. प्रश्न ‘मिश्री लावता का?’ असा विचारला, तर खरं उत्तर मिळेल.

व्यायामाचीही अशीच एक गोची आहे. ‘रोज चाला’ हा सल्ला सगळ्यांना दिला जातो, पण ऊन लागलं की ल्युपस भडकतो. रंकाळ्यावर चालायचं तर उजाडताना किंवा दिवस मावळल्यावर. शेतात भांगलणीला जाणाऱ्या बाईला मात्र ही मुभा नसते. तिच्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर नीट बांधलेला रुमाल एवढं तरी हवं. महागडं सनस्क्रीन लिहून दिल्याने तिचा प्रश्न सुटत नाही.

छातीत दुखलं तर?

ल्युपसमध्ये छातीत दुखण्याची कारणं एकापेक्षा जास्त असतात, म्हणून इथे गफलत होते. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली तर दीर्घ श्वास घेतल्यावर टोचतं. आडवं झालं की वाढतं आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. फुप्फुसात गुठळी अडकली तर अचानक दम लागतो. ज्यांच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असतात, त्यांना याचा धोका जास्त. आणि झटक्याचं दुखणं दाबल्यासारखं, आवळल्यासारखं असतं, जबड्यात किंवा हातात सरकतं. महिलांमध्ये ते कधी नुसती मळमळ, घाम, पाठदुखी किंवा विलक्षण थकवा एवढ्याच रूपात येतं.

यातलं कोणतं कोणतं, हे घरी ठरवता येत नाही. झटका आहे का, हे ईसीजी आणि ट्रोपोनिनच्या रक्त तपासणीने कळतं. पण तिशीतली बाई रात्री अकराला छाती धरून बसली, की आधी सोडा दिला जातो, मग ‘पित्त झालं असेल, झोप’ म्हणून समजूत काढली जाते. ल्युपस असलेल्या बाईच्या बाबतीत हा सोडा महागात पडू शकतो. दवाखान्यात पोहोचल्यावर पहिलं वाक्य ‘छातीत दुखतंय’ आणि दुसरं वाक्य ‘हिला ल्युपस आहे’. दुसरं वाक्य सांगितलं नाही, तर वय बघून तिथेही पित्ताचंच इंजेक्शन मिळण्याची शक्यता राहते.

हे बघायचं कोणी?

खरी मेख इथे आहे. सांधे आणि चट्टे संधिवाततज्ज्ञ बघतात, प्रोटीन मूत्रपिंडतज्ज्ञ बघतात, बाळंतपण स्त्रीरोगतज्ज्ञ बघतात. हृदयरोगतज्ज्ञांकडे झटका आल्यावरच जायचं, असा रिवाज. कोलेस्टेरॉल यांपैकी कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही. तज्ज्ञासाठी पुणं किंवा मिरज गाठणाऱ्या बाईची भेट तीन-चार महिन्यांतून एकदा, तीही दहा-पंधरा मिनिटांची. त्यात सांध्यांची आणि रिपोर्टची चर्चा होते. हृदयाचा विषय निघत नाही, कारण हृदय दुखत नसतं.

सरकारी तपासणी मोहिमांतही ही बाई सापडत नाही. रक्तदाब आणि मधुमेहाची राष्ट्रीय तपासणी वयाच्या तिशीनंतर सुरू होते. ल्युपसची रुग्ण २२ वर्षांची असू शकते. झटका आलाच, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होऊ शकते. पण झटका येऊ नये म्हणून रोज लागणारी रक्तदाबाची आणि ल्युपसची गोळी मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आखलेल्या या योजनेच्या चौकटीत बसत नाही. मोठ्या खर्चाला हात पुढे करणारी व्यवस्था छोट्या खर्चाला हात आखडता घेते, हा उफराटा हिशेब ल्युपसपुरता मर्यादित नाही, पण ल्युपसमध्ये तो फार लवकर वसूल होतो.

ब्रिटनमध्ये हृदयाचा धोका काढायचं ‘क्यूरिस्क-३’ हे सूत्र २०१७ मध्ये आलं. त्यात ‘ल्युपस आहे का?’ आणि ‘स्टेरॉइड घेता का?’ हे दोन प्रश्न थेट विचारलेत. अमेरिकी हृदय संघटनेनेही महिलांसाठीच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांत ल्युपसला जोखमीच्या यादीत घातलं. आपल्याकडे लॅबच्या फॉर्मवर नाव, वय, मोबाइल नंबर आणि ‘उपाशीपोटी का?’ एवढंच असतं. त्यात एक रकाना वाढवायला खर्च येत नाही. सीपीआर असो, म्हणजे कोल्हापूरकरांचा थोरला दवाखाना, की एखादा खासगी दवाखाना, ल्युपसच्या फाइलवर पहिल्याच पानाला एक कागद लावता येईल. त्यावर रक्तदाब, वजन, लघवीतलं प्रोटीन, नॉन-एचडीएल, साखर, स्टेरॉइडची मात्रा, मिश्री-तंबाखू, डोळ्यांची तपासणी, प्रत्येकासमोर तारीख. ल्युपस शांत असताना वर्षातून एकदा तरी तो भरला जावा. यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवा तज्ज्ञही लागत नाही. गावातला नेहमीचा डॉक्टर किंवा परिचारिकाही तो भरू शकते. आणि कुणीच भरत नसेल, तर वहीच्या पाठच्या पानावर रुग्णाने स्वतः लिहावा आणि भेटीच्या पहिल्या मिनिटाला डॉक्टरांपुढे ठेवावा. शेवटच्या मिनिटाला नको, तोवर पुढचा रुग्ण दारात उभा असतो.

इचलकरंजीच्या त्या शिक्षिकेच्या रिपोर्टमध्ये रक्ताच्या साठेक चाचण्या होत्या. थायरॉइड होतं, व्हिटॅमिन डी होतं, लोह होतं. रक्तदाब अर्थातच नव्हता, तो लॅब मोजत नाही. आणि लघवीची तपासणी नव्हती. ती त्या पॅकेजमध्ये येत नव्हती.